'मृत्यूला कवटाळले' असं छापू नका, माझ्या टेबलावर लेकरं वाचतात

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी लातूरला मेस चालवते, चौदा वर्षं झाली. दोन्ही टाइम मिळून पासष्ट-सत्तर लेकरं जेवतात, बहुतेक नीटवाली, थोडी जेईईची, आणि आमच्याकडं तुमचाच पेपर येतो. सकाळी पोहे व्हायच्या आधी पेपर टेबलावर असतो आणि तो आधी मुलं वाचतात, मी दुपारी भांडी झाल्यावर. लोक म्हणतात आताची पोरं पेपर वाचत नाहीत, माझ्याकडं वाचतात, कारण बऱ्याच जणांना रूमवर साधा बटणाचा फोन असतो, मोठा फोन घरीच ठेवून घेतलेला असतो, मग खाता खाता जे हातात येईल ते वाचायचं, राशीभविष्यापासून निधनवार्तेपर्यंत. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात पहिल्या पानावर एका बारावीच्या मुलाची बातमी होती. हेडिंगमधेच 'कमी गुण मिळाल्याने' आणि पुढं 'मृत्यूला कवटाळले'. खाली पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात, फोटो, त्यानं लिहिलेली चिठ्ठी चौकटीत शब्द न् शब्द, आणि 'राहत्या घरी' च्या पुढं तुम्ही जे जे लिहिता ते सगळं, कशानं, किती वाजता, कुठल्या खोलीत. मी ते परत लिहिणार नाही. त्या दिवशी टेबलावर एका मुलानं ती चिठ्ठी वाचून दाखवली, चेष्टेनं नाही, हळू आवाजात, आणि बाकीची प्लेटा खाली ठेवून ऐकत बसली. वाचून झाल्यावर एकजण म्हणाला, सुटला.

साहेब, तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीय. त्या बातमीतून माझ्या टेबलावरच्या लेकराला एवढंच कळलं की असा एक रस्ता आहे आणि त्यानं सगळं संपतं. त्या मुलाची आई आत्ता कुठल्या अवस्थेत असेल ते बातमीत नव्हतं, असे विचार येतात तेव्हा त्यावर उपचार असतात हे नव्हतं, फोन कुठं करायचा ते नव्हतं. आणि कवटाळले म्हणजे काय हो? आपण लेकराला कवटाळतो, माहेरी आलेल्या बहिणीला कवटाळतो. मरणाला कोण कवटाळतं? त्या क्षणी ते पोरगं भयंकर त्रासात असतं, त्याला दुसरं काही दिसतच नसतं, त्याला तुम्ही शूराचा शब्द लावता. दुसऱ्या टोकाला 'किरकोळ कारणावरून', 'मोबाईल न दिल्याने', 'आई रागावल्याने'. ज्या आईनं त्या रात्री मोबाईल काढून घेतला तिनं ही ओळ आयुष्यभर कशी वाचायची? जगातल्या सगळ्या आया मोबाईल काढून घेतात.

कारण एका ओळीत बसत नाही हे मी पाहिलेलं आहे म्हणून बोलतेय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं जेवणारी एक मुलगी गेली. मी तिची कसलीच ओळख सांगणार नाही. एका पेपरात (तुमचा नव्हता) आलं की मार्क कमी पडले म्हणून. पण तिला मार्क कमी नव्हतेच, वरच्या बॅचला होती ती. तिच्या घरी त्या वर्षी काय काय चाललं होतं, तिची झोप महिनाभर कशी उडाली होती, दिवाळीला गावाकडं जाऊन आल्यावर ती कशी बोलेनाशी झाली होती, हे तिच्यासोबत जेवणाऱ्या चार मुलींना आणि थोडंफार मला माहीत होतं. पेपरवाल्यांनी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही पण कुणाला सांगितलं नाही. आणि मी तिला विचारलं नाही. मला दिसत होतं की ती ताटात अर्धी भाकरी टाकतेय, मी म्हणायचे, अगं अन्न टाकू नये. एवढंच बोलले मी तिच्याशी शेवटच्या पंधरा दिवसांत. ती बातमी आल्यावर माझ्याकडच्या मुलांनी दोन-तीन आठवडे फक्त मार्कांचीच भीती घेतली, ज्याला टेस्टला कमी पडायचे त्याच्याकडं बाकीचे वेगळ्याच नजरेनं बघायचे.

माझी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करून पुण्याला याच, अशा माणसांना आधार द्यायच्या कामात आहे. तिच्याकडून मला बरंच कळत गेलं, काही मी स्वतः वाचलं. ती म्हणते, आई, आकडे बघ पण आकड्यातलं कारण लगेच खरं धरू नको, ते पोलिसांच्या कागदावरचं असतं. २०२३ ला देशात १ लाख ७१ हजारांवर लोकांनी असा जीव गमावला, त्यातले १३,८९२ विद्यार्थी. म्हणजे रोजची ३८ मुलं, माझ्या मेसमधल्या निम्म्याहून जास्त, रोज. आणि विद्यार्थ्यांच्या या यादीत पहिलं नाव आपल्या महाराष्ट्राचं आहे, एका वर्षात दोन हजारांवर. कोटा, कोटा म्हणून आपण राजस्थानकडं बोट दाखवतो तेव्हा हे आपल्या ध्यानात नसतं. २०२१ च्या सरकारी अहवालात अठरा वर्षांच्या आतली १०,७३० मुलं होती, त्यात मुली मुलांपेक्षा जास्त, ५,६५५, आणि कारणांत सगळ्यात वर परीक्षा नाही बरं का, घरातल्या अडचणी, मग प्रेमप्रकरण, मग आजारपण. मुलींचं तर कुणी बोलतच नाही. माझ्याकडच्या मुलींना मार्कांची भीती असते ती यासाठी की यंदा नंबर नाही लागला तर घरचे स्थळं बघायला सुरुवात करणार. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

परीक्षेचा ताण नाही असं मी म्हणत नाहीय, मी तर तोच ताण रोज वाढून घेते ताटात. २०२५ च्या नीटला बावीस लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. बापानं दोन एकर गहाण टाकून पाठवलेलं पोरगं हे गणित फिजिक्सच्या आधी शिकतं. आणि नीट वर्षातून एकदाच. त्या दिवशी ताप आला, सेंटर लांब पडलं, हात थरथरला की वर्ष गेलं. मुलगी सांगत होती, तामिळनाडूत नापास झालेल्या मुलांना वर्षभर न थांबवता महिन्याभरात परत परीक्षा द्यायची सोय केली आणि त्यानंतर परीक्षेच्या अपयशावरून जाणारी मुलं तिथं कमी झाली. चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार, ज्यांनी १९८६ साली स्नेहा नावाची संस्था काढली, त्यांनी हा विषय लावून धरला होता. आपल्या बोर्डानं पण पुरवणी परीक्षा जून-जुलैत आणली ते फार चांगलं केलं, फक्त निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर टॉपरचे फोटो असतात तसं त्याच पानावर पुरवणीची तारीख आणि फॉर्म कधी भरायचा ते मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. ज्याला गरज आहे तो त्या दिवशी आतलं पान उघडत नाही.

आता तुमच्या बातमीकडं परत येते. प्रेस कौन्सिलनं १३ सप्टेंबर २०१९ लाच नियम सांगितलेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांवरून घेतलेले. अशी बातमी ठळक जागी नको, परत परत नको, भडक किंवा गौरवाची भाषा नको, कसं केलं ते लिहायचं नाही, जागेचा तपशील नको, भडक हेडिंग नको, फोटो नको. सगळं स्पष्ट आहे. तुमच्याकडं हा कागद असेलच. बातमी छापूच नका असं त्यात कुठं म्हटलेलं नाही आणि मी पण म्हणत नाही, लपवून काही होत नाही, लपवण्यानंच तर आमच्याकडं हे एवढं साचलंय. कशी छापायची एवढाच प्रश्न आहे. मुलीनं मला व्हिएन्नाचं सांगितलं, ऑस्ट्रियातल्या. तिथं ऐंशीच्या दशकात मेट्रोतल्या अशा घटना वाढत चालल्या होत्या आणि पेपर रंगवून छापत होते, १९८७ ला डॉक्टर लोकांनी संपादकांशी बोलून छापायची पद्धत बदलून घेतली आणि सहा महिन्यांत त्या घटना एकदम खाली आल्या. गाड्या त्याच, शहर तेच, माणसं तीच. बातमी बदलली. आणि उलटं पण होतं म्हणे, म्हणजे ज्याला असे विचार आले आणि तो त्यातून बाहेर पडला अशा माणसाची गोष्ट छापली तर वाचणाऱ्याला आधार मिळतो. चौदा वर्षांत तुमच्या पेपरात अशी एक पण गोष्ट माझ्या वाचण्यात नाही. म्हणून मीच एक देते.

हा मुलगा माझ्याकडं दुसऱ्या ड्रॉपला, म्हणजे परीक्षेसाठी दुसरं वर्ष थांबलेला, होता. त्याला विचारून लिहितेय, तो म्हणाला लिहा काकू पण गाव नका लिहू. शांत पोरगं, ठेचा जास्त लागायचा त्याला. डिसेंबरात त्याचं येणं उशिरा व्हायला लागलं, सगळे उठून गेले की शेवटी यायचा, रूम पार्टनरला म्हणे त्यानं आपली रजई आणि बायोच्या नोट्स देऊन टाकल्या, मला नाही लागत म्हणून. टपरीवरची तीनशे-चारशेची उधारी भागवली. मग एक दिवस मला म्हणाला, काकू माझं डिपॉझिट परत देऊ नका, पुढच्या एखाद्या गरीब पोराचं धरा. आणि खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं, म्हटलं किती गुणाचं लेकरू, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा पण शांत होता, आधीच्या महिन्यासारखा ओढलेला नव्हता. रात्री मुलीला फोनवर कौतुकानं सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. म्हणाली आई, आत्ता जा, सकाळची वाट बघू नको, आणि सरळ विचार. मी म्हटलं असं कसं विचारू, नसलं डोक्यात तर माझ्यामुळं येईल की. ती म्हणाली नाही येत, त्यावर अभ्यास झालेत, विचारल्यानं विचार येत नाही, उलट मोकळं होतं माणूस.

मी गेले. सोबत मुलाला नेलं माझ्या, तो खाली थांबला. दारात उभी राहून पहिल्यांदा म्हटलं, काय करायलास रे, जेवलास का. मग गच्चीच्या पायरीवर बसलो आणि विचारलं, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? माझा आवाज कापत होता. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला आणि मग म्हणाला, आधी फक्त टेस्टच्या रात्री यायचा काकू, आता रोज येतो. असं म्हणाला, जसं सर्दीचं सांगावं तसं. मी रडले नाही, रागावले नाही, आईबापाचं काय होईल रे असं म्हणायचं तोंडावर आलं होतं ते गिळलं, कारण मुलीनं बजावलं होतं, त्याला आधीच वाटत असतं की आपण ओझं आहोत, त्यात भर टाकू नको. नुसतं ऐकलं. तासभर तरी बोलत होता. मग त्याला घरी आणलं, एकट्याला सोडलं नाही, आणि स्वैपाकघरात ओट्यावर फोन ठेवून १४४१६ लावला. टेली मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारचं आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या बाई त्याच्याशी बोलल्या, मग माझ्याशी, रात्री काय करायचं, काय जवळ ठेवायचं नाही, सकाळी कुठं न्यायचं, सगळं नीट सांगितलं.

त्याचे वडील पहाटेच्या एसटीनं आले. मला वाटलं होतं ओरडतील. ते काहीच बोलले नाहीत, स्वैपाकघरात येऊन बसले आणि माझ्यासमोरचा लसूण ओढून सोलायला लागले, पाकळीमागून पाकळी, दोन वाट्या लसूण सोलला त्या माणसानं, आणि मग मुलाला म्हणाले, चल. तिघं मिळून सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला गेलो, केसपेपर काढला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, परत परत बोलावलं. गोळ्या आठवड्यात लागू पडत नाहीत, मधे दोन वाईट दिवस आले, एकदा परत रात्री फोन लावला. हळूहळू झोप लागायला लागली, मग भाकरी वाढली. त्यानं परीक्षा दिली का, नंबर लागला का, हे लोक मला पहिल्यांदा विचारतात, मी सांगत नाही. तो आहे. मागच्या पोळ्याला फोन आला होता त्याचा.

यातलं मी काही मोठं केलं नाही. पण मला जे कळलं ते तुमच्या वाचकांना कळावं असं फार वाटतं. वस्तू वाटून टाकणं, हिशोब मिटवणं, झोप आणि जेवण बिघडणं, मित्रांतून उठून जाणं, 'मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल' असं चेष्टेत बोलणं, आणि खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत होणं, यातलं काही दिसलं तर विचारा. बोलणारा करत नाही असं आपल्याकडं म्हणतात ते चुकीचं आहे, बरेच जण आधी कुणाला तरी बोललेले असतात. आणि अशी वेळ येते ती ओसरते पण, तेवढे तास, तेवढे दिवस माणूस सोबत पाहिजे आणि धोक्याच्या वस्तू हाताला लागू द्यायच्या नाहीत, गावाकडच्या घरात शेतीची औषधं कुलपात पाहिजेत. एकदा प्रयत्न करून वाचलेले बहुतेक लोक पुढं आयुष्य जगतात हे पण कुणी सांगत नाही, आपल्याकडं तर घरचे ते लपवतात, पोलीस केस होईल या भीतीनं दवाखान्यात 'चक्कर येऊन पडला' सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं ती भीती काढून टाकलीय, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी आणि उपचार बघणं सरकारचं काम आहे. हे एकदा चौकट करून छापा ना. खूप घरं वाचतील, कारण लपवलेल्या घरात दुसऱ्यांदा कुणी लक्ष देत नाही.

अजून एक काम तुमचे वार्ताहर करू शकतात, जे मेसवाली बाई करू शकत नाही. जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, होस्टेल सगळ्यांसाठी पंधरा सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक शिकलेला समुपदेशक पाहिजे, मार्कांवरून बॅच वेगळ्या करायच्या नाहीत, चारचौघांत लाज वाटेल असं बोलायचं नाही, स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग, आणि टेली मानससारखे नंबर होस्टेलला, वर्गात, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लावायचे. माझ्या मुलांना मी विचारलं, तुमच्या वर्गात हा नंबर कुठं लिहिलाय का. दोघं-तिघं हो म्हणाले, बाकीच्यांनी पाहिलाच नव्हता. आणि ए बॅच, बी बॅच म्हणताना अजून बी वाला खाली बघतो. तुम्ही एकदा फिरून या सगळ्या शहरांत, लातूर, नांदेड, संभाजीनगर, पुणे, आणि छापा कुठं काय आहे. मूल गेल्यावर दारात कॅमेरा घेऊन जाता त्यापेक्षा हे आधी करा.

बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आल्यात, मग नीट, मग निकालांचे दिवस. या चार महिन्यांत मी टेबलावरचा पेपर आधी स्वतः चाळते आणि तसलं पान असेल तर भाजीच्या पातेल्याखाली घालते. मुलांना कळतं ते, शेजारच्या टपरीवर जाऊन वाचतात. मला पान लपवायचं नाहीय साहेब.

हे पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका, मेसमधल्या लेकरांची ओळख निघेल. लांब झालंय हे मला माहीत आहे, जागा कमी पडली तर व्हिएन्नाचं कापा, आकडे कापा, माझ्या मुलीचं कौतुक कापा. १४४१६ तेवढा राहू द्या, आणि अठराच्या आतल्यांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ पण, जमलं तर ठळक.

आपली,
मेसवाली काकू, लातूर